आपली मेथी मुंबईत नक्की जाते कुठं, ते बघायला गेलो

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते म्हणजे कोण कुणाचं ते कळेल. आमची शेतकरी कंपनी जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. कागदावर सभासद तीनशेच्या वर, मीटिंगला त्यातले चाळीस येतात आणि मीटिंगनंतरच्या चहाला साठ. मी तिथं हिशोब बघते. २०२० च्या लॉकडाऊनमधे ११ ते १७ मे वाशीचं मार्केट बंद राहिलं तेव्हा आमची मेथी-कोथिंबीर रानात उभी होती आणि माझा मामा घरी बसून होता. मामा मुंबईचा डबेवाला, मार्चमधे डबे थांबले तसा गावी आलेला. त्याच्या फोनमधे जोगेश्वरी-अंधेरी-पार्ल्याच्या घरांचे नंबर, आणि नाव कुणाचंच नाही, "तिसरा मजला गुजराती", "कुत्रा आहे", "बँकवाल्या काकू" असं सगळं सेव्ह केलेलं. त्यानं एकेकाला फोन लावले आणि आमची पिकअप भाजी घेऊन थेट सोसायट्यांच्या गेटवर गेली. कंपनी निघाली ती त्यातूनच. पण पुढं लोकल सुरू झाल्या, ॲपवाले दहा मिनिटात भाजी दारात द्यायला लागले आणि आमची गिऱ्हाइकं आटत आटत चार सोसायट्यांवर आली.

तर आमचे चेअरमन अण्णा म्हणले की ऑफिसात बसून नुसतं डायरेक्ट मार्केटिंग, डायरेक्ट मार्केटिंग करण्यापेक्षा एकदा माल कुठनं कुठं जातो ते डोळ्यानं बघू. अण्णा, धाकटे भाऊजी, शेजारच्या वहिनी आणि मी असे निघालो. दिवस आषाढाचे, अर्धं गाव वारीत, मजूर मिळायची मारामार, आणि त्यात आम्ही मुंबईला चाललो म्हणून सासूबाईंनी जे काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

बुधवार रात्र

संध्याकाळी मेथी आणि कोथिंबीर भरली, पिकअप पुढं आणि आमची जीप मागं. माळशेज घाटात धुकं एवढं की पुढच्या गाडीचा लाल दिवा सुद्धा दिसेना, त्यात एका वळणावर दरड आलेली, एकेरी वाहतूक. पर्यटक लोक खाली उतरून फोटो काढत होते आणि आमचा ड्रायव्हर सारखा ताडपत्री वर करून मालात हात घालून बघत होता. पालेभाजीच्या गठ्ठ्यात आत हात घातला की गरम लागतं, दाबून भरलेली असते ना, उशीर झाला की आतून पिवळी पडायला लागते. घाट बंद पडला तर आळेफाटा, नारायणगाव, चाकण, तळेगाव करून एक्स्प्रेसवेनं जायचं, म्हणजे डिझेल वेगळं, टोल वेगळा आणि वाशीला पोचेस्तोवर बाजार निम्मा झालेला. शहरातल्या लोकांना "आज मेथी महाग का" याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं, एका वळणावर दगड पडला.

गुरुवार

कल्याण, शिळफाटा करत वाशीला पोचलो तेव्हा दोन वाजून गेलेले. मुंबईचा घाऊक भाजीबाजार पूर्वी भायखळ्याला होता, तो इथं वाशीत आला १९९६ च्या सुमारास, कांदा-बटाटा त्याच्याही आधी आलेला. अण्णांनी भायखळा बघितलेलं आहे, ते सारखं "तिकडं असं नव्हतं, तिकडं असं नव्हतं" करत होते. आत गेलो तर पाणी, चिखल, पाला, हॉर्न, आणि त्या सगळ्यातनं डोक्यावर शंभर-शंभर जुड्यांचा गठ्ठा घेऊन पळणारे माथाडी. माथाडी कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांनी लढून मिळवलेला. गाडीला लागलेली टोळी सातारा-पाटणकडची निघाली. एकानं वहिनींना बघून विचारलं, "काय ताई, माल बघाय आला का माणसं?" वहिनी म्हणल्या, "दोन्ही."

आता आडत्याबद्दल. आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलोय की आडत्या लुटतो. २०१६ ला सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातनं मोकळा केला आणि आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असं केलं. पट्टीवर, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशोबाच्या चिठ्ठीवर, आता आडतीचा रकाना कोरा असतो, हमाली, तोलाई, गाडीभाडं आहेच. मी हिशोब बघते म्हणून माझं लक्ष त्या पट्टीवर. पण गाळ्यावर दोन-तीन तास उभं राहिल्यावर वेगळंच दिसायला लागलं. आमचा आडत्या शेठ (आमच्याच शेजारच्या तालुक्यातला, शेठ वगैरे मुंबईत झाला) एका हातानं आमच्याकडचा माल घेत होता आणि दुसऱ्या हातानं तोच माल दादर, घाटकोपर, चेंबूरच्या किरकोळवाल्यांना देत होता, आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी पैसे दिलेच नाहीत. संध्याकाळी देणार, उद्या देणार. वहीत नाव, पुढं आकडा, सही नाही काही नाही. आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर आमच्या गावातल्या लोकांची नावं, बियाण्याला दिलेली उचल, एकाच्या मुलीच्या लग्नाला दिलेली उचल.

अण्णांनी त्याला सरळ विचारलं की आम्ही कंपनीमार्फत थेट मुंबईत विकलं तर तुमचं काय जाईल. तो हसला. म्हणला, "विका की. पण तुमच्या गावातला माणूस जून महिन्यात बियाण्याला पैसे मागायला रात्री अकरा वाजता फोन करतो, तो तुमची कंपनी उचलणार का?"

अण्णा यावर काही बोलले नाहीत, जे फार क्वचित होतं.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती मला जास्त पटली. सोसायटीला वीस प्रकारची भाजी लागते आणि आमच्याकडं पिकतात चार. त्याच्या बाजारात नाशिकचा टोमॅटो, साताऱ्याचं आलं, गुजरातची भेंडी, इंदूरचा बटाटा, सगळं एका छताखाली येतं म्हणून किरकोळवाला इथं येतो. लॉकडाऊनमधे लोकांनी आमची नुसती मेथी-कोथिंबीर-कांदा-टोमॅटो घेतला कारण दुसरं काही मिळत नव्हतं. हे काही गुपित नाही, पण आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधे हे वाक्य कुठंच नाहीये, मी परत उघडून बघितलं.

दुपारी मामाच्या खोलीवर जोगेश्वरीला जाऊन सगळे मेल्यासारखे झोपलो.

शुक्रवार

पहाटे परत आमची पिकअप येणार होती, पण यावेळी आम्ही वाशीला न जाता दादरला जाऊन थांबलो, कारण आदल्या रात्री शेठच्या गाळ्यावर ओळख झालेल्या एक मावशी दादरला बसतात आणि त्या आमचीच मेथी घेणार होत्या. पाचच्या सुमाराला त्यांचा भागीतला टेंपो आला, आठ-दहा किरकोळवाले मिळून एक टेंपो करतात, भाडं गठ्ठ्यावर वाटून घेतात. आणि खरंच, आमच्या सुतळीनं बांधलेला गठ्ठा उतरला. वहिनींनी सुतळीची गाठ ओळखली, ती आमच्याकडचीच. एवढा आनंद मला बॅलन्सशीट जुळल्यावर सुद्धा होत नाही.

मग मी वही काढली. आम्हाला पट्टीत जुडी १४ रुपयाला गेली, खर्च जाऊन हातात पडले अकराच्या आसपास. मावशी विकत होत्या ३० ला. भाऊजी लगेच तापले, बघा म्हणे दुप्पट! मावशी शांतपणे म्हणाल्या, "बस दादा इथं माझ्यासंगट दुपारपर्यंत." आणि आम्ही बसलो, खरंच बसलो. शंभर जुड्यांतल्या वीस-बावीस आतून पिवळ्या निघाल्या (तो माळशेज). त्या सोडून, निवडून, चार जुड्यांच्या तीन करून बांधल्या. टेंपोचं भाडं, पिशव्या, पाऊस आला की ताडपत्रीखाली सगळं ओढायचं, मधेच पालिकेची गाडी आली गाडी आली असा ओरडा होतो तेव्हा पाटी उचलून गल्लीत पळायचं. अकरा वाजता भाव ३० चा २० झाला, दीड वाजता दहाला दोन. शेवटी मूठभर जुड्या उरल्या त्या त्यांनी शेजारच्या वडापाववाल्याला देऊन टाकल्या. माझ्या हिशोबानं त्यांना दिवसाचे सुटले असतील चारशे-साडेचारशे, तेही पहाटे तीनला उठून. भाऊजी गप्प. मग मावशींनीच त्यांना चहा पाजला, पैसे देऊ देईनात, "माझ्या गावचा पाला पिकवता तुम्ही" म्हणाल्या. त्या संगमनेरच्या, तसं बघितलं तर गाव वेगळंच, जिल्हाही वेगळा, पण असो.

तिथून अण्णांना परळ-लालबाग बघायचं होतं. त्यांचे वडील गिरणीत होते. बहुतेक गिरण्यांच्या जागी आता टॉवर आणि मॉल, अण्णांना एक गल्ली सापडली, बाकी काही नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी खानावळीचं सांगितलं. गावाकडनं एकटे आलेले कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायचे खानावळवाल्या बाईकडं, महिन्याचं खातं. १९८२ चा संप झाला, पगार बंद, तरी त्या बाईनं वडलांचं ताट काही महिने बंद केलं नाही. वडील गावी परतल्यावर भाताची पोती पाठवून ते खातं फेडत होते, हे मला माहीतच नव्हतं. या खानावळवाल्या बायका पूर्वी सावकाराकडून पैसे उचलून किराणा भरायच्या, १९७५ ला प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली, बायकांचा गट एकमेकींना जामीन. पुढं प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. म्हणजे जे वाशीचा शेठ वहीत करतो ते या बायकांनी आपसात केलं, आणि व्याज सावकाराच्या घरी जायचं थांबलं. अण्णा घरी परत येईपर्यंत हेच बोलत होते.

रात्री मामानं डबेवाल्यांचं सांगितलं ते थोडक्यात. मोठमोठे लोक येऊन त्यांच्या कोडचा अभ्यास करतात, डब्यावरचे रंग आणि आकडे, त्याचे फोटो काढतात. मामाचं म्हणणं की कोड पोरगा आठवड्यात शिकतो. खरं काम मुकादमाचं, एखाद्याचा बाप वारला की त्याची लाईन उद्यापासून कोण उचलणार ते ठरवणं, आणि महिनाअखेरीला टोळीत सगळ्यांना सारखे पैसे वाटणं, मग तो म्हातारा असो की तरणा. १८९० पासून चाललंय. लॉकडाऊननंतर मात्र खूप जण परत आलेच नाहीत, ऑफिसं घरून चालायला लागली, डबे कमी झाले. मामा सुद्धा आता सकाळी डबे आणि दुपारनंतर कुरिअर असं करतो.

शनिवार

सकाळी वर्सोवा कोळीवाडा. होड्या काठावर ओढलेल्या, जाळी दुरुस्त करायचं काम चालू, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बायका सुकट, जवळा, सुके बोंबील विकत होत्या. एका कोळीण मावशींशी वहिनींची जमली, दोघींचा भाव करायचा आवाज सारखाच. त्या सांगत होत्या की दोन महिने घरात पैसा नाही पण बंदी पाळायलाच लागते, पोटात अंडी असलेली मासळी काढली तर पुढं खाणार काय. २०२३ ला पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीला किमान लांबी ठरली, पापलेट साडेतेरा सेंटिमीटरच्या आतलं पकडायचं नाही. त्यावर मावशींचं मत: नियम बरोबर आहे, पण बारीक मासा पकडणारा कुणी आणि दंड भरणारा कुणी असं होऊ नये. एलईडी लावून मासे गोळा करणाऱ्या मोठ्या बोटींबद्दल त्या जे बोलल्या ते शुद्ध कोळी भाषेत होतं आणि छापण्यासारखं नव्हतं. वहिनींनी दोन किलो सुके बोंबील घेतले, आखाडात लागतातच.

दुपारी आरे. गोरेगाव स्टेशनवरनं बस. दुधाची कॉलनी १९४९ ची, दारा खुरोडींनी शहरातले म्हशींचे गोठे तिथं हलवले. पण वारली, कोकणा, मल्हार कोळी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं आहेत, सत्तावीस पाडे. आम्हाला वाटलेलं झोपडपट्टीसारखं काहीतरी असेल. आत गेलो तर भाताची खाचरं! लावणी चालू, मागं बिल्डिंगा, मेट्रो कारशेड. अण्णा चिखलात उतरलेच, दोन ओळी लावून आले. तिथल्या एका वारली ताईंनी रानभाज्या दाखवल्या, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी. आमच्याकडं पश्चिमेला डोंगरात हे सगळं मिळतं पण आमच्या गावच्या नव्या सुनांना टाकळा ओळखता येत नाही, मलाही नीटसा नाही. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव होतात ते ठीक. या ताई वर्षानुवर्षं पावसाळ्यात स्टेशनबाहेर बसून विकतात. त्यांचा एक नियम आवडला, पाड्यातल्या बायका एकाच जागी सगळ्या जात नाहीत, कोण कुठल्या स्टेशनला बसणार ते घरी ठरतं, आणि एकीनं आणलेली भाजी दुसरी विकत नाही. मी विचारलं कुणी ठरवलं, तर म्हणाल्या "ठरवायचं काय त्यात."

रविवार

पार्ल्याला बँकवाल्या काकूंकडं. या त्याच, मामाच्या फोनमधल्या. वय पंचाहत्तरच्या पुढं. त्यांच्या इमारतीत त्या दिवशी ग्राहक पंचायतीच्या संघाचं वाटप होतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ च्या गुढीपाडव्याची, शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी आधी भरतात, एकत्र घाऊक खरेदी होते आणि माल संघाच्या घरी येतो. काकूंच्या हॉलमधे डाळी, गूळ, साबण, तांदूळ, सगळ्याच्या पिशव्यांचे ढीग, भिंतीला यादी चिकटवलेली, एक रिटायर्ड इंजिनिअर काका टिकमार्क करतायत आणि कॉलेजातली दोन पोरं पिशव्या वरच्या मजल्यावर पोचवतायत. आळीपाळीनं सगळ्यांना काम करावं लागतं. काकू म्हणाल्या की पोरांच्या पिढीत सभासद कमी होतायत, आळीपाळी आली की सून म्हणते मी पैसे जास्त देते पण मला सांगू नका. आमच्या मीटिंगची आठवण झाली.

मग गच्चीवर नेलं. निळ्या पिंपांत वांगी, मिरच्या, अळू, आणि हो, मेथी. उसाच्या गुऱ्हाळाच्या चिपाडात इमारतीचा ओला कचरा जिरवून माती केलेली. काकूंनी सांगितलं की त्यांनी हे शिकलं ते बंदरातल्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवरची बाग बघून, प्रीती पाटील यांनी उभी केलेली. त्यामागं कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार. भाऊजी माझ्या कानात म्हणले, "यात एका घराची एक वेळची भाजी होईल." हिशोबानं बरोबर आहे, मुंबईला गच्च्या पोसणार नाहीत. पण मला जे दिसलं ते असं, या काकूंनी स्वतः मेथी लावलीय, तीन वेळा पावसात कुजलीय, आणि त्या लॉकडाऊनपासून आजपर्यंत आमच्याशी एकदाही भावावरनं बोललेल्या नाहीत. ज्या चार सोसायट्या टिकल्या त्यातल्या दोनांत अशी गच्ची आहे. योगायोग असेल, नसेलही.

मग मुद्द्याचं बोलणं झालं. अण्णांनी पालेभाजीचा विषयच काढला नाही (वाशीचा शेठ जिंकला म्हणायचं). टिकणारा माल, कांदाचाळीत साठवलेला कांदा आणि नव्या भाताचा इंद्रायणी तांदूळ, महिन्यातून एकदा, घराघरांची मागणी आधी घेऊन. काकूंनी पंचायतीची खरेदी वेगळी, तिथं सॅम्पल पारखून घेतात, त्यांच्या हातात ते नाही हे आधीच स्पष्ट केलं. पण इमारतीतली बारा-पंधरा घरं स्वतंत्रपणे घेतील म्हणाल्या. मग इंजिनिअर काकांनी विचारलं की कांदा कुजका निघाला तर? अण्णा म्हणले बदलून देऊ. काका म्हणले, ओतूरहून? सगळे हसले. मामा मधेच म्हणला, माझ्याकडं द्या, मी बघतो. अण्णांनी मग दबकत अर्धे पैसे ॲडव्हान्स मागितले, पेरणीच्या वेळी. मला वाटलं आता विषय संपला. काकू म्हणाल्या, "तिसरा हिस्सा देते. पुढच्या वर्षी अर्ध्याचं बघू."

सोमवार

परतीला घाट मोकळा होता. पिकअप रिकामी न्यायची नाही म्हणून भाऊजींनी कल्याणहून कुणाचंतरी फर्निचर भरलं, डिझेल सुटलं.

गाडीत भांडण झालं ते उचलीवरनं. भाऊजींचं म्हणणं, कंपनीनं जूनमधे सभासदाला बियाण्याचे पैसे दिल्याशिवाय माल आपल्याकडं येणारच नाही, तो शेठकडंच जाणार. अण्णांचं म्हणणं, एकाला दिले की तीनशे जण दारात, आणि त्यातला बुडवणारा निघाला तर भावकी फुटेल. वहिनींनी खानावळवाल्या बायकांसारखं पाच-पाच जणांचे गट करा म्हणून सांगितलं, दोघांनीही ऐकलं नाही आणि मुरबाडच्या पुढं गेल्यावर अण्णांनी तेच स्वतःचं म्हणून मांडलं.

सध्या मी तो हिशोब करतेय. काकूंच्या इमारतीचे ॲडव्हान्सचे पैसे, दोन वर्षांचा नफा आणि शेअर भांडवलातला काही भाग धरला तर पुढच्या जूनला आठ-नऊ गटांना बियाण्यापुरती उचल देता येईल, रोख नाही, दुकानात परस्पर बिल भरून. एका गटातल्या एकाचे थकले तर बाकीच्या चौघांच्या पट्टीतनं कापायचे, इथवर कागदावर जमलंय. पण गारपीट झाली आणि पाचही जणांचं गेलं तर काय करायचं, तो रकाना अजून मोकळा आहे. तुमच्याकडं कुठल्या कंपनीत किंवा बचत गटात असं कुणी केलं असेल तर वसुली कशी करता, आणि दुष्काळाच्या वर्षी काय केलंत, ते मला सांगा.